सिनेमा कुठं बंद केला?

घरी पाहिलेल्या सिनेमाबद्दल आपण जे बोलतो ते बहुधा चार-पाच शब्दांत आटपतं. 'बरा आहे.' 'काहीच नाही त्यात.' 'टाइमपास.' 'पळवत पळवत पाहिला.' एवढं बोलून माणूस कापसाच्या भावाकडे किंवा लाइट कधी येणार याकडे वळतो. या शेऱ्यांकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. सिनेमाचा अभ्यास केलेली मंडळी त्यांना हसतात. दिग्दर्शकानं दोन-तीन वर्षं घासून केलेल्या कामाची एका शब्दात बोळवण करणारे हे कोण, असा त्यांचा सूर असतो. बाकीचे 'ज्याची त्याची आवड' म्हणून हात झटकतात. ही दुसरी तऱ्हा दिसायला उदार आहे, पण तिच्यातही ऐकून न घेणंच आहे. ज्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही त्याचं मत आपण मत म्हणून मोजलेलंच नसतं. माझं म्हणणं असं की घरच्या प्रेक्षकाकडे सिनेमाविषयीची एक माहिती असते जी थेटरातल्या प्रेक्षकाकडे क्वचितच असते. आपण सिनेमा कुठं थांबवला आणि का थांबवला, ही ती माहिती. तिकीट काढून बसलेला माणूस कंटाळला तरी बहुधा बसून राहतो; घरचा माणूस उठतो, आणि त्याचं उठणं हाच त्याचा अभिप्राय असतो. त्यातलं 'कुठं' आता सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांत आपोआप नोंदलं जातं. 'का' मात्र फक्त पाहणाऱ्याला ठाऊक असतं. आणि बोलण्यातून आपण नेमकं तेच गाळत चाललो आहोत.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या संदर्भात मांडला तर त्याची धार जाणवत नाही, कारण तिथं घरी पाहणं हा अनेक पर्यायांपैकी एक असतो. शहागडसारख्या ठिकाणी तो जवळजवळ एकमेव असतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं हे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो आणि पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ म्हणून गाव गजबजलेलं असतं. पण नवा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा तर बहुधा जालना किंवा छत्रपती संभाजीनगरसारखं शहर गाठायचं. तिकिटाइतकाच गाडीचा खर्च आणि कामाचा मोडलेला दिवस, हा हिशेब कुणालाही करता येतो. म्हणून इथलं सिनेमाविषयीचं बोलणं मुळात घरच्या सिनेमाविषयीचं बोलणं आहे. 'घर' हा शब्दही इथं जरा सैल धरावा लागतो. या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि हंगामभर फडाजवळच्या कोपीत राहतात. दिवसभर मोळ्या वाहिल्यानंतर रात्री फोनवर अर्धा तास जो सिनेमा चालतो, तोही घरीच पाहिलेला. उरलेला उद्या, नाहीतर कधीच नाही.

इथं सिनेमा पाहण्याचा इतिहास पाहिला तर सहज मत आखूड का झालं याचं कारण हाती लागतं. ते कारण लोकांच्या बुद्धीत नाही, पाहण्याच्या व्यवस्थेत आहे. जत्रेतल्या तंबू सिनेमाच्या काळात, ज्याची शेवटची वर्षं शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात नोंदली गेली, सगळा गाव एकाच रात्री एकच सिनेमा पाहत असे. पुढं १९८०च्या दशकात व्हिडिओ आला. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, चौकात किंवा पडवीत मांडायचा आणि पहाटेपर्यंत ओळीनं तीन-तीन सिनेमे काढायचे, हा प्रकार महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांनी पाहिला आहे. मग दूरदर्शनचा रविवारचा सिनेमा, मग केबल. या प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्या दोघांनी तीच गोष्ट पाहिलेली असे. त्यामुळं 'भंगार होता' असं एकानं म्हटलं की दुसरा 'का रे, मारामारी तर चांगली होती' म्हणून अडवायचा, आणि अडवलं की कारण द्यावं लागायचं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या खिशात वेगळा पडदा आला. आता 'बघितला का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा 'नाही' असंच उत्तर येतं. ज्यानं पाहिलाच नाही त्याच्याशी वाद कसा घालणार? त्याला फक्त शिफारस करता येते. शिफारशीत कारण लागत नाही, उलट कारण सांगितलं तर गोष्ट फुटते. म्हणून मत आक्रसत गेलं आणि शेवटी निकाल तेवढा उरला: बघ, नाहीतर बघू नको. टाळेबंदीत, २८ मार्च २०२०पासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं तेव्हा काही आठवडे सगळे पुन्हा एकच गोष्ट पाहत होते. पात्रांच्या वागण्यावर, मुकुटांवर, युद्धातल्या बाणांवर घरोघर भांडणं झाली, ती उगाच नव्हे.

दुसरा बदल किमतीचा. 'पैसा वसूल' ही कसोटी थेटरातली. तिच्यात कंजूषपणा होता तसा न्यायही होता. पैसे मोजलेला माणूस बहुधा शेवटपर्यंत बसायचा आणि मग बोलायचा. घरी प्रत्येक सिनेमाचे वेगळे पैसे जात नाहीत, वेळ जातो. वेळ वाया जातोय असं वाटताच अंगठा पडद्यावर जातो आणि दहा-दहा सेकंदांच्या उड्या सुरू होतात. याला कुणी प्रेक्षकाचा उथळपणा म्हणेल. मग धंदा करणारे 'पाहिला' कशाला म्हणतात तेही पाहावं. २०२०च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सनं मोजणीचा नियम बदलला आणि किमान दोन मिनिटं पाहिलं तरी तो सिनेमा 'पाहिला' म्हणून धरायला सुरुवात केली. त्याआधी ७० टक्के भाग पाहिल्यावर मोजणी व्हायची. पुढं हाही नियम सोडून एकूण तास मोजण्याकडे ते वळले. त्याच कंपनीनं २०१७मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत काढून अंगठा वर की खाली एवढंच विचारायला घेतलं होतं. म्हणजे लाखो लोकांच्या रात्री ज्यांच्या हिशेबात जमा होतात त्यांना आपल्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात, किती वेळ आणि वर की खाली. हे आपण न बोलताही त्यांना मिळतं. आपण शेजाऱ्यालाही तेवढंच सांगणार असू तर आपल्या बोलण्यात यंत्राला ठाऊक नसलेलं काहीच उरत नाही. 'काहीच नाही त्यात' हे वाक्य मला त्याच्या उद्धटपणामुळं खटकत नाही. त्यात बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही, म्हणून खटकतं.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सगळ्यात जुना आक्षेप तयारीचा: सिनेमाची भाषा शिकल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते त्याच्या नेहमीच्या जागी नाही. अभ्यासानं दृष्टी वाढते हे खरं. मराठीत अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक वाचून तेच सिनेमे पुन्हा पाहणाऱ्याला प्रकाश, सावली, गाण्याचं चित्रण यांत आधी न दिसलेलं बरंच काही दिसेल. मराठवाड्यातल्याच विजय पाडळकरांनी जगभरच्या सिनेमावर जे लिहिलं तेही असंच डोळे उघडणारं आहे. पण अभ्यासाआधी जे सुचतं ते फुकट असतं, असं यातून निघत नाही. अमेरिकेतली गाजलेली समीक्षक पॉलीन केल हिचं पहिलं परीक्षण छापून आलं ते १९५३मध्ये, चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'वर. बर्कलीच्या एका कॉफीच्या दुकानात ती ओळखीच्या कुणाशी सिनेमांवरून वाद घालत होती. तो एका छोट्या नियतकालिकाच्या संपादकाच्या कानावर पडला आणि त्यानं तिला 'लाइमलाइट'वर लिहायला सांगितलं. पुढं 'द न्यूयॉर्कर'मध्ये १९६८ ते १९९१ अशी ती लिहीत राहिली, आणि सिनेमा सहसा एकदाच पाहून लिहायचं हा तिचा हट्ट होता. संपादकाला त्या गप्पांत तिची पदवी ऐकू आली नव्हती. तिच्याकडे प्रत्येक शेऱ्यामागं 'कारण' होतं, ते ऐकू आलं होतं. आपल्याकडे पाहायचं तर कर्नाटकातलं शिवमोग्गा जिल्ह्यातलं हेग्गोडू घ्या. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी 'नीनासम' या संस्थेमार्फत १९७०च्या दशकात खेड्यातल्या लोकांना सत्यजित रे, कुरोसावा यांचे सिनेमे दाखवले आणि त्यांना त्यावर बोलतं केलं. १९९१मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो अशाच कामांसाठी. खेड्यातल्या माणसाला 'पथेर पांचाली' कळणार नाही, हा शहरी समज त्या गावानं मोडीत काढला. आणि तयारीच्या आक्षेपाचा आपल्याकडचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. 'सोंगाड्या'पासून (१९७१) दादा कोंडके यांचे नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले. त्या काळात समीक्षेनं नाक मुरडलं आणि लोक हसत राहिले. कोंडके थोर होते की नव्हते हा वाद बाजूला ठेवा. एवढी माणसं कशाला हसत होती, हे समजून घेण्याचं समीक्षेचं काम मात्र बराच काळ राहूनच गेलं.

तयारी लागते हे मी नाकारत नाही, पण तयारी एकाच प्रकारची असते असंही मानत नाही. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) घ्या. विदर्भातला कापूस उत्पादक किसना, शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर नवऱ्याच्या प्रत्येक हालचालीला घाबरणारी त्याची बायको अलका, बापावर नजर ठेवायला पाठवलेला लहानगा मुलगा. शहरी समीक्षकानं या सिनेमाचा संयम, त्यातला काळा विनोद, गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांचा अभिनय यांबद्दल लिहिलं ते योग्यच. पण पेरणी झाल्यावर पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीचं बियाणं आणायला हातात काय असतं आणि काय विकावं लागतं, हे अंबड तालुक्यातल्या कोरडवाहू कापूसवाल्याला ठाऊक असतं. त्यानं हा सिनेमा घरी पाहिला आणि अर्ध्यावर बंद केला, तर त्या बंद करण्याचे दोन अगदी उलटे अर्थ होऊ शकतात. 'असं नसतंच, हे सगळं खोटं' म्हणून बंद केला असेल. किंवा 'असंच असतं, आणि दिवसभर तेच करून रात्री तेच कशाला बघू' म्हणूनही केला असेल. कंपनीच्या नोंदीत दोघांची ओळ एकसारखी दिसेल: चाळिसाव्या मिनिटाला सोडला. अंगठाही दोघांचा खालीच असेल. पहिला शेरा सिनेमावरची टीका आहे. दुसरा, खरं तर, त्या सिनेमाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद आहे. हा फरक फक्त 'का' सांगितल्यावर कळतो.

यावर कुणी म्हणेल, ही तर वस्तुस्थितीची तपासणी झाली. बैल असा बसत नाही, नांगर असा धरत नाहीत, एवढ्यावर कलेचा न्याय करायचा का? नाही करायचा. मंगेश हाडवळेंच्या 'टिंग्या'त (२००८) दुखापत झालेला चितंग्या बैल हा नुसता बैल नाही, टिंग्या या मुलासाठी तो घरातला माणूस आहे. तिथं पशुवैद्यकाचं ज्ञान घेऊन बसणं खुळेपणाचं ठरेल. पण खाटकाला विकायचं की नाही, या प्रश्नावर आई-बाप ज्या तऱ्हेनं बोलतात, ज्या तऱ्हेनं एकमेकांची नजर चुकवतात, ते खरं की पुस्तकी, हे ज्यांच्या गोठ्यातून कधीतरी बैल गेला आहे त्यांना कळतं. ही माहिती कलेच्या बाहेरची नाही. तिथूनच बोलण्याला सुरुवात होते. तिथंच ते थांबलं तर तोकडं पडतं, हे मान्य. पण आज आपण त्या सुरुवातीपर्यंतही पोचत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. घरी पाहणं हे पाहणंच नव्हे, म्हणून त्यावरचं मतही मत नव्हे. याचा सगळ्यात सबळ पुरावा म्हणजे 'सैराट' (२०१६). जवळपास तीन तासांच्या या सिनेमाची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. आर्ची आणि परश्या हे प्रेमी पळून हैदराबादला पोचले की गाणी थांबतात, रंग उतरतात, झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, संशय, मारहाण असा कोरडा संसार सुरू होतो आणि प्रेक्षक कंटाळतो. तो कंटाळा नागराज मंजुळेंनी मुद्दाम ठेवलेला आहे. स्वप्न संपल्यानंतरचे दिवस किती लांब असतात, हे अंगावर आल्याशिवाय शेवट कळत नाही. शेवटी दोघांचा खून होतो, आवाजच बंद होतो, आणि लहान मूल रक्तात उमटलेल्या पावलांनी दाराबाहेर चालत जातं. थेटरात त्या शांततेत कुणालाच उठता येत नाही. घरी मात्र हैदराबाद आलं की उड्या मारता येतात. गाणी पुन्हा लावता येतात. असा प्रेक्षक जो सिनेमा पाहतो त्यात प्रेम आहे, झिंग आहे, चार गाणी आहेत, आणि खून नाही. त्याच दिग्दर्शकाच्या 'फँड्री'चंही (प्रदर्शन २०१४) तसंच. शेवटच्या क्षणी त्यातला मुलगा जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघणाऱ्याकडे. पंचवीस-तीस फुटांच्या पडद्यावरून तो दगड आपल्या कपाळावर येतो. सहा इंचांच्या फोनवर तो मोहरीएवढा असतो आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप आलेला असतो. हा तोटा खरा आहे आणि कुठल्याही युक्तिवादानं तो भरून निघत नाही.

तरीही या आक्षेपातून निष्कर्ष काढताना घाई होते. हैदराबादला सिनेमा सोडणाऱ्यानं 'सैराट'बद्दल निकाल दिला तर तो अन्याय आहे. पण त्यानं 'पळून गेल्यावर मी बंद केला, पुढचं बघवंना' असं सांगितलं, तर त्यानं स्वतःबद्दल आणि कदाचित आपल्या सगळ्यांबद्दल खरी साक्ष दिली: आपल्याला पळून जाणं आवडतं, संसार बघायला नको असतो. साक्षीला जे नियम लागतात तेवढेच या मताला लावावेत. किती पाहिला, कशावर पाहिला, सोबत कोण होतं, मध्ये किती वेळा उठावं लागलं. अट म्हणून नव्हे, बोलण्याची रीत म्हणून. 'अर्धाच पाहिला, फोनवर, पण सुरुवातीची तालुक्याची गर्दी एक नंबर दाखवलीय' हे वाक्य कुठल्याही तीन ताऱ्यांपेक्षा मला विश्वासार्ह वाटतं. शिवाय थेटरात सगळे सगळं पाहतात हाही एक भाबडा समज आहे. मध्यंतरानंतर घरी गेलेले, शेजारच्याशी बोलत बसलेले, फक्त गाण्यांना आत येणारे पूर्वीही होते. त्यांची मतं मात्र पूर्ण पाहिलेल्यांच्या मतांत बिनबोभाट मिसळून जायची.

आणि 'सोबत कोण होतं' याचं वजन फार मोठं आहे. घरच्या सिनेमाची इथली सर्वांत कडक कसोटी कलेची नसून 'फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे का' ही असते. मधल्या खोलीत एकच टीव्ही, समोर आजी, सुना, शाळकरी मुलं. रिमोट ज्याच्या हातात तो घरचा सेन्सॉर. चित्रपट मंडळानं प्रमाणपत्र दिलेलं असलं तरी इथं एक दृश्य येतं आणि कुणीतरी 'पाणी आण गं' म्हणतं. या कसोटीला हसणं सोपं आहे. पण तिच्यामुळं काय बोललं जातं आणि काय गिळलं जातं, ते बघण्यासारखं आहे. २०२१च्या जानेवारीत जिओ बेबी यांचा मल्याळम सिनेमा 'द ग्रेट इंडियन किचन' एका छोट्या प्लॅटफॉर्मवर आला. मोठ्यांनी तो सुरुवातीला घेतला नव्हता. घरी पाहणाऱ्यांनी एकमेकांना सांगून सांगून तो मोठा केला आणि मग मोठ्या प्लॅटफॉर्मनं उचलला. सहज मताची ताकद मोजायची तर याहून स्वच्छ उदाहरण अलीकडच्या काळात सापडणार नाही. त्याची हिंदी आवृत्ती 'मिसेस' २०२५च्या फेब्रुवारीत आली आणि ती मराठी घरांतही पाहिली गेली. सिंकखालचा पाइप गळतो, नवरा प्लंबरला सांगायचं रोज विसरतो, घाण पाण्याखाली ठेवलेलं भांडं रोज सून रिकामं करते. सासऱ्याला चटणी मिक्सरमधली चालत नाही, वाटलेलीच लागते. यावर पुरुषांची प्रतिक्रिया ठरलेली होती: एवढ्यातेवढ्यावरून घर सोडतं का कुणी? बायकांकडे याचं उत्तर होतं आणि ते कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं होतं, कारण पाट्यावरच्या चटणीची चवही त्यांना ठाऊक आणि वरवंट्याचं वजनही. थेटर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी होतं तेव्हा या बायकांपैकी फार थोड्या तिथवर पोचत. घरच्या पडद्यानं त्यांना पहिल्यांदा नवा सिनेमा त्याच महिन्यात दाखवला. त्याबद्दल त्याला मी शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. फक्त त्यांचं मत तयार होतं स्वयंपाकघरात आणि सिनेमावरच्या गप्पा होतात स्टँडवरच्या हॉटेलात, जिथं त्या चहाला बसत नाहीत.

तिसरा आक्षेप या भागाला फार जवळून चिकटलेला आहे. सहज मत सहज नसतंच, त्यामागं 'आपला की परका' हा जातीचा हिशेब असतो, असं म्हणतात. 'सैराट'च्या वर्षीच कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला, आणि त्या काळात या सिनेमालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात आलं. पुढं २०२३मध्ये शहागडजवळच्याच अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं उपोषण आणि १ सप्टेंबरचा लाठीमार झाला; २०२४च्या जूनमध्ये त्याच तालुक्यात, त्याच महामार्गावरच्या वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूचं उपोषण बसलं. काही किलोमीटरच्या टप्प्यात दोन मांडव. अशा मुलखात 'फँड्री' आवडला असं चारचौघांत म्हणणं ही नुसती आवड राहत नाही, ऐकणारा त्यावरून तुमची बाजू ठरवतो. ऐतिहासिक सिनेमाबद्दल तर बोलायलाच नको. तिथं 'लांबला' एवढं म्हणणंही महाग पडू शकतं. हा आक्षेप खरा आहे, पण तो मला माझ्याच मुद्द्याकडे परत आणतो. बाजू ओळखायला निकाल पुरतो: आवडला म्हणजे तिकडचा, नाही आवडला म्हणजे इकडचा. कारण सांगायला लागलं की ही वाटणी बिघडते. 'डुक्कर धरायला लावतात तेव्हा ती शाळेतली पोरं हसतात ना, तिथं बंद केला, मला ते हसू ओळखीचं वाटलं', असं कुणी म्हणालं तर त्याला कुठल्या मांडवात बसवणार? असं बोलायला धीर लागतो आणि घराचा एकांत तो धीर देतो हेही खरं. रात्री एकट्यानं, कानात हेडफोन घालून 'फँड्री' पाहता येतो, तंबूत तसं कुणाला पाहता आलं नसतं. पण एकांतात पाहिलेलं एकांतातच राहिलं तर गावात निकालांचीच देवाणघेवाण चालू राहते.

म्हणून महिन्यातून एकदा तरी तोच सिनेमा चार घरांनी एकाच आठवड्यात पाहावा आणि मग बोलावं, एवढी साधी तजवीज हवी. बचत गटाची बैठक ठरलेल्या दिवशी भरतेच. तिथं हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास यावर जाऊ शकतो, आणि स्टँडवरच्या हॉटेलाची अडचण तिथं येत नाही. अनुदानावर चालणारी गावोगावची वाचनालयं आहेत. त्यांच्या फळीवर वर्तमानपत्र असतं, भिंतीवर थोरांच्या तसबिरी असतात, तिथं या गप्पांनाही जागा मिळावी. हेग्गोडूला जमलं ते सुब्बण्णांसारखा माणूस होता म्हणून, असं म्हणता येईल. पण तेव्हा रिळं, प्रोजेक्टर, वीज सगळं मिळवावं लागत होतं, आता सिनेमा आधीच सगळ्यांच्या खिशात आहे, फक्त एक नाव ठरवायचं आहे. माझं नाव विचाराल तर पहिला 'सामना'. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला, इथल्या थेटरांत आधी पडलेला आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवाला जाऊन आल्यावर पुन्हा चाललेला. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव, कुठूनसा येऊन पडलेला दारुडा मास्तर, आणि मारुती कांबळेचं काय झालं हा त्यानं लावून धरलेला प्रश्न. तो प्रश्न सिनेमातून बाहेर पडून महाराष्ट्राच्या राजकारणात म्हणीसारखा रुळला. उसाच्या आणि कारखान्याच्या या पट्ट्यात त्यावर बोलायला कुणाला तयारी करून यावं लागणार नाही. कृष्णधवल आहे, संथ आहे. बरेच जण मध्येच सोडतील. हिंदुरावाच्या जेवणाच्या पंक्तीत सोडला की मास्तर पहिल्यांदा प्रश्न विचारतो तिथं, एवढं मात्र त्यांनी लक्षात ठेवून यावं.